टार्गेट रायफलची नळी साफ करायची, पण कशाने?

कान साफ करायचा साधा कापसाचा बड घ्या. रायफल रिकामी करून, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून बाजूला ठेवल्यावर बडाचं टोक नळीच्या तोंडात किंचित आत घाला आणि आतल्या कडेवरून हलकेच बाहेर ओढा. घड्याळाच्या आकड्यांसारखं बारा जागी हेच करा. कड शाबूत असेल तर कापूस गुळगुळीत निसटतो. कुठे चरा किंवा उठलेली धार असेल तर एखादा तंतू तिथे अडकून राहतो, केसासारखा बारीक, पण उजेडात लगेच दिसणारा. माझ्या पहिल्या पॉइंट टू-टू (.२२) रायफलीच्या नळीत तो बरोबर सहाच्या आकड्यावर अडकला. हा ओरखडा काही गोळीचा नव्हता. तो मीच पाडला होता, दर रविवारी, तीन तुकडे जोडून लांब होणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या रॉडने. टोक नळीबाहेर पडलं की रॉड आपल्या वजनाने खालच्या कडेवर टेकायचा, आणि त्याच्या मऊ धातूत रुतून बसलेली बारीक कचकच परत येताना तिथेच घासायची.

नळीच्या तोंडाच्या या कडेला क्राऊन म्हणतात. गोळीचा आणि नळीचा संबंध सुटतो तो इथे. कड एका बाजूने झिजली असेल तर मागचा वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला एका अंगाने धक्का बसतो. पन्नास मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. दहा मीटर एअर रायफलचं दहा म्हणजे तर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. एवढ्या हिशेबात तो धक्का लपत नाही.

म्हणून अवजार विकत घेताना मी एकच गोष्ट बघतो: हे चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाला आणि क्राऊनला कडक काही न लावता आरपार जातं का? बाकीचं सगळं त्यानंतर.

आधी रायफल, मग अवजार

टार्गेट नेमबाजीत तीन प्रकारच्या नळ्या हाताशी येतात आणि तिघींचा मळ वेगळा असतो.

.२२ रिमफायरची मॅच गोळी उघड्या शिशाची असते, वर मेणासारख्या वंगणाचा थर. नळीत साठते ती काजळी, ते वंगण आणि थोडं शिसं. ही काजळी दिसते त्यापेक्षा खरखरीत असते. कारण रिमफायर काडतुसाच्या कडेत जे स्फोटक मिश्रण भरतात, त्यात बऱ्याचदा काचेची बारीक पूड असते. चेंबर संपून गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचा सुरू होतात तिथे या सगळ्याचं कडं धरतं. .२२ मध्ये खरा त्रास याच कड्याचा असतो. पुढची नळी फारशी मळत नाही.

सेंटरफायरच्या (स्फोटक मिश्रण कडेऐवजी बुडाच्या मधोमध असलेल्या काडतुसाच्या) गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं, म्हणून तिथे काजळीच्या जोडीला तांबं येतं आणि तांबं विरघळवणारा द्रव लागतो.

एअर रायफलमध्ये ज्वलनच नाही. ४.५ मिमीची शिशाची पेलेट साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद वेगाने जाते आणि मागे ठेवते ती फक्त शिशाची आणि वंगणाची पुसट पूड. तिला ब्रश नको, तीव्र द्रव तर नकोच. .२२ साठी घेतलेली पेटी उघडून एअर रायफलवर हात चालवणारे मी पाहिले आहेत. रबरी सील फुगवून घ्यायचा तो सोपा मार्ग आहे.

रॉड: पैसे इथे घाला

अखंड रॉड घ्या. जोडाचे रॉड पिशवीत मावतात हा त्यांचा एकमेव गुण. प्रत्येक जोडाला बारीक का होईना, पायरी असते. जोर लावला की रॉड जोडाशी वाकतो आणि ती पायरी नळीच्या आतल्या, खाचांमधल्या उंचवट्यांवर घासते. जोड बरोबर बसलाय का ते नखाने तपासा. नख अडलं तर तो रॉड नळीत घालू नका.

धातूबद्दल नेमबाजांत जुना वाद आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ मऊ, म्हणून कचकच रुतवून घेतात, शिवाय सहज वाकतात. पॉलिश केलेल्या उघड्या स्टीलमध्ये काही रुतत नाही, पण ते वाकडं झालं तर नळीला थेट मारतं. नायलॉन किंवा प्लास्टिकचं कोटिंग असलेलं स्टील नळीला सौम्य. मात्र कोटिंगवरही मळ चिकटतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर रॉड पुसावा लागतो. कार्बन फायबर हलकं, वाकलं तरी परत सरळ होणारं, पण बारीक व्यासात लवचीकपणा जरा जास्तच वाटतो. मी .२२ ला कोटिंगचा स्टील रॉड वापरतो आणि डाव्या हातात कायम फडकं असतं. कोटिंगचा टवका उडाला की तो रॉड बाद. त्यात दुरुस्ती नाही.

जाडी कॅलिबरनुसार, म्हणजे नळीच्या मापानुसार हवी. .२२ नळीचा आतला व्यास उंचवट्यांवर साधारण ५.५ मिमी असतो. त्यात ५ मिमीच्या आसपासचा रॉड बसतो. बारीक रॉड ‘सगळ्यात चालतो’ म्हणून घेऊ नका. तो आत कमानीसारखा वाकतो आणि मधल्या भागात नळीला लागतो.

लांबीचा हिशेब असा: नळी, अधिक मागची अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो भाग), अधिक वीतभर. .२२ च्या पूर्ण लांबीच्या टार्गेट नळ्या ६५ ते ६९ सेंमीच्या असतात, त्यामुळे ९० सेंमीहून आखूड रॉड बहुधा अपुराच पडतो. दुकानात कोणी सांगत नाही ती अडचण चीकपीसची, म्हणजे गाल टेकायच्या आधाराची. टार्गेट रायफलचा चीकपीस उंच असतो आणि रॉडच्या वाटेतच येतो. तो खाली घ्या किंवा काढून ठेवा. नाहीतर मूठ वर धरावी लागते, रॉड तिरका जातो आणि मग कितीही महागडा असला तरी उपयोग नाही.

मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी. बहुतेक .२२ नळ्यांमध्ये खाचांचा पीळ १६ इंचांत एक फेरा असा असतो. म्हणजे ६६ सेंमीच्या नळीत ब्रश या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत दीड फेऱ्याहून जास्त फिरतो. मूठ फिरत नसेल तर ब्रश खाचा सोडून आडवा घसरतो, नाहीतर टोकाचा आटा सुटत जातो. तपासायला मूठ घट्ट धरून दुसऱ्या हाताने रॉड फिरवा, आणि मूठ थोडी दाबूनही फिरवून बघा. दाब दिला की अडणारी बेअरिंगं बरीच असतात.

आट्यांचीही खात्री करा. .२२ आणि त्यावरच्या अमेरिकी पद्धतीच्या सामानात ८-३२ आटा सर्रास चालतो, म्हणजे ८ नंबरचा स्क्रू आणि इंचाला ३२ आटे. .१७ च्या बारीक रॉडना ५-४०. काही कंपन्यांचे रॉड ८-३६ चे असतात. डोळ्यांना फरक कळत नाही. ८-३२ चा ब्रश त्यात एक-दीड फेरा जातो आणि मग जड होतो. तिथे जोर केलात तर दोन्हीचे आटे गेले. युरोपीय सामान मिलिमीटरच्या आट्यांचं असू शकतं. सगळ्यात सोपं म्हणजे रॉड आणि टोकं एकाच पद्धतीची घेणं.

बोअर गाइड

बोल्टच्या जागी मागून बसणारी ही नळकांडी लोक चैनीची समजतात. माझ्या मते रॉडइतकीच ती गरजेची. ती रॉडला नळीच्या मध्याशी धरते, चेंबरच्या कडेला लागू देत नाही आणि द्रव ट्रिगरमध्ये उतरू देत नाही. टार्गेट रायफलचा ट्रिगर नाजूक असतो; त्यात सॉल्व्हंट (मळ विरघळवणारा द्रव) आणि काजळीची पेज गेली की तो चिकटतो, आणि ते नेमकं स्पर्धेच्या दिवशी कळतं.

गाइड तुमच्या अ‍ॅक्शनच्या मापाचंच घ्या. पुढचं टोक चेंबरमध्ये हलकं दाबून बसायला हवं आणि तिथे ओ-रिंग असेल तर उत्तम. बसवल्यावर डुगडुगत असेल तर ते गाइड नव्हे, नुसता पाइप. पॅच (पुसायचा कापडी तुकडा) आत सोडायला आणि द्रव टाकायला वर खिडकी असलेलं गाइड वापरायला सोयीचं.

मागून रॉड घालता येत नाही अशा रायफली असतात, बऱ्याच एअर रायफली त्यातल्याच. तिथे रॉड पुढून घालण्यापेक्षा दोरी बरी, तिच्याकडे येतोच. रॉडशिवाय इलाजच नसेल तर तोंडाशी बसणारं पितळी किंवा प्लास्टिकचं मझल गाइड वापरा.

टोकाला काय लावायचं

पॅच धरायला दोन प्रकार: टोकदार जॅग आणि सुईच्या नेढ्यासारखा लूप. जॅग पॅचला मधोमध टोचतो आणि चहूबाजूंनी सारखा दाबतो. तोंडाबाहेर आला की पॅच गळून पडतो, मळ बाहेर राहतो. लूपमधला पॅच मात्र तोच मळ घेऊन परत आत येतो. लूपचं काम एकच: ओला पॅच फिरवून द्रव लावणं.

जॅग साध्या पितळेचा असेल तर सेंटरफायरवाल्यांनी एक प्रयोग करावा. पांढऱ्या कपड्यावर जॅग ठेवून त्यावर तांब्याच्या सॉल्व्हंटचे दोन थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटं थांबा. कपडा निळा-हिरवा होतो. आता पॅचवरचा निळा रंग नळीतल्या तांब्याचा की जॅगचा, कसं ठरवणार? मी एकदा स्वच्छ नळी दोन तास धुतली आहे, नुसता जॅग विरघळवत. निकेलचा मुलामा दिलेला किंवा नायलॉनचा जॅग घेतला की हा गोंधळ मिटतो. काशाच्या तारांचा ब्रशही असाच खोटा रंग देतो.

पॅच सुती फ्लॅनेलचे, कडेने धागे न सुटणारे. .२२ ला अडीच सेंमी चौकोनापासून सुरुवात करा आणि कात्रीने जमवून घ्या. तळहाताच्या एकसारख्या दाबाने पॅच सरकत जायला हवा. अंग टाकावं लागत असेल तर तो मोठा आहे. बळ केलं की रॉड वाकतो, आणि पॅच अडकला की माणसं हातोडी शोधू लागतात.

फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोळ्या मला .२२ आणि एअर रायफल दोन्हींसाठी पॅचपेक्षा आवडतात. त्या आखूड स्क्रूसारख्या टोकावर बसतात, खाचांत नीट भरतात आणि सगळ्यांचं माप सारखं असतं. नवीन नेमबाजाला मी हेच सुचवतो. पॅच कापण्यात चूक होते, फेल्टमध्ये चुकायला जागा कमी.

ब्रश

स्टेनलेस स्टीलचा ब्रश टार्गेट नळीत घालायचा नाही, कुणीही शिफारस केली तरी. फॉस्फर ब्रॉन्झचा ब्रश नळीच्या स्टीलपेक्षा मऊ असतो, आणि हट्टी काजळीला तोच लागतो. घेताना तारांच्या मधला पिळलेला कणा बघा. तो पितळेचा हवा, आणि पुढच्या टोकाला तोडलेली तार उघडी नको. वळवून बंद केलेलं टोक चांगलं. रोजच्या कामाला नायलॉन ब्रश पुरतो. तो घासण्यापेक्षा द्रव पसरवायचं काम जास्त करतो.

ब्रश नळीच्या मध्यात उलटा फिरवू नका. तारा एका बाजूला झुकलेल्या असतात, त्या तिथल्या तिथे पलटवल्या की ब्रश रुतून बसतो. पूर्ण बाहेर काढा, मगच मागे घ्या. काही जण तोंडाशी ब्रश काढूनच रॉड परत आणतात. क्राऊनसाठी ते चांगलं, फक्त दर वेळी आटा लावायचा कंटाळा येतो. मी .२२ मध्ये ब्रश मुळात क्वचितच घालतो, आणि घातला तर काढूनच परत येतो.

ड्रिल मशीनला ब्रश लावणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना नळी उधार देऊ नका.

द्रव

बाटलीवर तो कशासाठी आहे ते वाचा: काजळी, शिसं की तांबं. उघड्या शिशाच्या .२२ ला अमोनियाचा तीव्र द्रव लागतच नाही. सेंटरफायरमध्ये तो वापरलात तर बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त आत ठेवू नका, रात्रभर तर नाहीच. दोन कंपन्यांचे द्रव एकमेकांत मिसळू नका. एक पूर्ण पुसून मग दुसरा. लाकडी स्टॉकवर (रायफलीच्या दस्त्यावर) थेंब पडला तर पॉलिश जातं, म्हणून स्टॉकवर जुना टॉवेल टाका.

एअर रायफलला कोरडं फेल्ट पुरतं. द्रव लावायचाच तर उत्पादकाने सांगितलेलाच. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये नळीतलं तेल दाबलेल्या गरम हवेत पेटू शकतं, त्यालाच डिझेलिंग म्हणतात.

हातमोजे आणि चष्मा यांत कंजूषी नको. ब्रश तोंडाबाहेर येताना तारा उसळून थेंब उडवतात, तेही थेट डोळ्यांच्या रेषेत. मळात शिसं असतं, गोळीचं आणि बऱ्याच काडतुसांच्या स्फोटक मिश्रणातल्या लेड स्टिफ्नेटचंही. त्यामुळे खिडकी उघडी, खाणंपिणं दूर, मुलं दूर, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. वापरलेले पॅच झाकणाच्या डब्यात, आगीपासून लांब.

दोरी आणि साप

दोरीला ब्रश आणि कापड विणलेलं जे ‘बोअर स्नेक’ मिळतं, ते रेंजवर चटकन एक हात फिरवायला ठीक. पण दोरी नळीच्या रेषेत सरळ ओढली नाही तर ती क्राऊनवर करवतीसारखी चालते, शिवाय मळकी असते. धुऊन वापरा. ओढण्याआधी गाठी आणि शिवण ओढून बघा. आत तुटलेली दोरी काढणं हे बंदूक-कारागिराचं काम आहे, तुमचं नाही.

एअर रायफलसाठी गुळगुळीत नायलॉनची तार उत्तम. ती पुढून अलगद सरकवत मागे लोडिंगच्या जागी आणायची, तिथे फेल्ट किंवा चिंधी अडकवायची आणि तोंडाच्या दिशेने सरळ ओढायची. म्हणजे मळ पेलेटच्याच वाटेने बाहेर पडतो.

आता काम

मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये उजेड टाकून डोळ्यांनी बघा. मग बोल्ट काढून घ्या. काडतुसं दुसऱ्या खोलीत. एअर रायफल असेल तर पेलेट आत नाही आणि रायफल कॉक केलेली (झाडायला ताणलेली) नाही, हे आधी. नळीत गोळी अडकल्याचा संशय असेल, म्हणजे आवाज फुसका आला आणि टार्गेटवर भोक नाही, तर दुसरी झाडू नका आणि रॉडने ठोकूही नका. जिवंत काडतूस चेंबरमध्ये अडकलं असेल तर रॉडला हातच लावायचा नाही. दोन्ही वेळा रायफल सुरक्षित दिशेला ठेवून जाणकाराला बोलवा.

नळीला पुढे एक्स्टेन्शन ट्यूब असेल तर काढा. तिच्यात क्राऊन दिसत नाही आणि पुसलेला सगळा मळ तिथेच साचतो.

रायफल स्टँडमध्ये घट्ट बसवा, तोंड किंचित खाली, म्हणजे द्रव ट्रिगरकडे येत नाही. गाइड बसवा. आता माझं सगळ्यात आवडतं काम: जॅग लावून रॉड हळूहळू पुढे सारा आणि जॅग पूर्ण बाहेर आला, पॅच गळण्यापुरता, की थांबा. मुठीपुढे जिथे रॉड गाइडमध्ये शिरतो तिथे रंगीत टेप गुंडाळा, किंवा स्टॉप कॉलर मिळाली तर ती लावा. यापुढे रॉड एवढाच आत जाणार. सहाच्या आकड्यावरचा तो ओरखडा मला या दोन बोटं टेपने वाचवता आला असता.

पहिला पॅच द्रवाने ओला, निथळणारा नव्हे. मागून पुढे एकाच दमात. पॅच गळू द्या, रॉड सरळ रेषेत मागे घ्या, पुसा. दुसरा तसाच. मग बाटलीवर सांगितलेला वेळ थांबा. चेंबरपुढच्या कड्यासाठी नायलॉन ब्रश ओला करून नळीभर आरपार दोन-चार वेळा. मध्येच थांबवून मागेपुढे घासणं नको. नंतर कोरडे पॅच, राखाडी डाग फिका होईपर्यंत. अगदी पांढराशुभ्र पॅच येईस्तोवर .२२ घासत बसू नका. शेवटी चेंबर वेगळा कोरडा पुसा आणि क्राऊन बोटावरच्या कपड्याने, आतून बाहेर.

रायफल बरेच दिवस ठेवायची असेल तर तेलाचा अगदी पुसट हात, आणि पुढच्या वेळी झाडण्याआधी कोरडा पॅच घालून ते तेल काढणं. साफ केलेल्या .२२ च्या पहिल्या गोळ्या इकडेतिकडे जातात, कारण नळीत वंगणाचा थर परत बसायचा असतो. माझ्या रायफलीला दहा-पंधरा लागतात. तुमचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी धुवायला घेऊ नका.

रॉड खिळ्याला उभा टांगा किंवा पाइपमध्ये ठेवा, कोपऱ्यात तिरका टेकवू नका. महिन्या-दोन महिन्यांनी तो काचेवर लोळवून बघा. मध्ये उजेडाची फट उघडमीट करू लागली की तो वाकला आहे. हाताने सरळ करून पुन्हा वापरायचा मोह होईल, करू नका.